ईदचा साज, खिशाचा हिशेब

गोरेगावच्या शिवारात या दिवसांत हळद शिजत असते. तिच्या वाफेचा उग्र, मातकट वास वाऱ्याबरोबर गावात येतो. सूर्य मावळतो, खजुराने रोजा सुटतो, मगरिबची नमाज होते आणि मग त्याच वाऱ्यात दुसरा दरवळ मिसळतो. गुलाब, मोगरा, हिना, मजमुआ. रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस लागले की सेनगाव तालुक्यातल्या या मोठ्या गावापासून थेट हिंगोलीच्या बाजारापर्यंत कटलरीच्या दुकानांपुढे हेच चित्र असते. टेबलावर पांढरे कापड, त्यावर अत्तराच्या इवल्याशा कुप्या, शेजारी मेंदीचे कोन, सुरमेदाण्या, पावडरचे डबे आणि क्रीमच्या रंगीत ट्यूबा. पलीकडे मणियारांच्या गाड्यांवर बांगड्यांचे चुडे लटकलेले.

गर्दीत एक प्रश्न सारखा ऐकू येतो, "केवढ्याला?"

तो विचारताना आवाज जरा खाली जातो, कारण उत्तरावर बरेच काही ठरायचे असते. हा शेतीवर जगणारा मुलूख आहे. सोयाबीन, तूर आणि हळद कशी झाली, यावर घरातला सण ठरतो. २०२३ साली पीक गेल्यावर याच गोरेगावातील काही कर्जबाजारी शेतकऱ्यांनी "आमचे अवयव विकत घ्या, पण कर्ज फेडू द्या" अशी मागणी सरकारकडे केली, तेव्हा गावाचे नाव राज्यभर गेले. अशा ठिकाणी शंभराची नोट मोडताना दहादा विचार होतो. म्हणूनच ती नोट योग्य वस्तूवर खर्च व्हावी, फसवणुकीत जाऊ नये आणि अंगाला अपाय करून जाऊ नये, याला महत्त्व आहे.

सुगंधाला दोन्ही घरांत मान

ईदच्या सकाळी आंघोळ करणे, दात स्वच्छ करणे, असतील त्यातले चांगले कपडे घालणे, खुशबू लावणे, काहीतरी गोड खाऊन ईदगाहला जाणे या गोष्टी सुन्नत मानल्या जातात. कपडे नवेच हवेत अशी अट कुठेही नाही. ते स्वच्छ आणि आपल्याजवळच्यांत उत्तम असावेत, एवढेच. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांना सुगंध प्रिय होता आणि कोणी सुगंधी वस्तू भेट दिली तर ती नाकारू नये, अशी त्यांची शिकवण सांगितली जाते. त्यामुळे ईदगाहच्या वाटेवर शेजारच्याच्या मनगटाला आपल्या कुपीतले अत्तर लावणे ही साधी वाटणारी गोष्ट जिव्हाळ्याची असते.

मराठी घरांना यात परके वाटावे असे काही नाही. 'अत्तर' हा शब्दच अरबी 'इत्र'वरून आला आणि मराठीत इतका रुळला की लग्नघरातल्या अत्तरदाणी-गुलाबदाणीशिवाय पाहुण्यांचे स्वागत पूर्ण होईना. देवाला अत्तराचा फाया, कपाळाला अष्टगंध, दिवाळीच्या पहाटे उटणे आणि सुवासिक तेल ही एका बाजूची रीत. कानाच्या पाळीमागे फाया, डोळ्यांत सुरमा, तळहाताला मेंदी ही दुसऱ्या बाजूची. मराठवाड्यातल्या दर्ग्यांचे उरूस तर चंदनापासूनच सुरू होतात. 'संदल' म्हणजे चंदनच. संदलच्या मिरवणुकीला गावातले सगळेच जण रस्त्याच्या कडेला उभे राहतात.

कुपीत नेमके असते काय?

अत्तराच्या टेबलापाशी सगळ्यांत जास्त होणारा संवाद हा.

"चाचा, अस्सल गुलाब आहे ना?"

"एकदम अस्सल!"

इथे थोडे गणित करू. एक किलो शुद्ध गुलाबतेल मिळवायला साधारण तीन ते पाच हजार किलो फुले लागतात. म्हणजे एका ग्रॅमला चारेक किलो. तीन मिलिलिटरची सर्वांत छोटी कुपी निखळ गुलाबतेलाने भरायची तर सुमारे दहा किलो पाकळ्या संपतील. पन्नास रुपयांच्या कुपीत इतकी फुले मावणार नाहीत, हे कोणालाही कळेल. तिच्यात असतो तो कारखान्यात बनवलेला गुलाबाचा सुवास, पातळ तेलात मिसळलेला.

हे सांगण्यात त्या विक्रेत्याला खोटे पाडण्याचा हेतू नाही. पन्नास रुपयांचे अत्तर पन्नास रुपयांचे म्हणून घेतले तर त्यात वावगे काहीच नाही. वास आवडला, अंगाला सोसला आणि संध्याकाळपर्यंत टिकला, तर पैसे वसूल झाले. फसवणूक तेव्हा होते, जेव्हा तीच कुपी 'अस्सल रूह गुलाब' म्हणून हजाराला गळ्यात मारली जाते.

खरे पारंपरिक अत्तर उत्तर प्रदेशातल्या कन्नौजचे. तिथल्या अत्तराला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तांब्याच्या मोठ्या 'देगे'त फुले आणि पाणी घालून झाकण मातीने लिंपतात, खाली मंद आच देतात. सुगंधी वाफ बांबूच्या नळीतून 'भपक्या'त, म्हणजे पाण्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरते. त्या भांड्यात आधीच चंदनाचे तेल असते. ते सुवास शोषून घेते. पहिल्या पावसाच्या मातीचा वास देणारे 'मिट्टी' अत्तरही असेच, भाजलेल्या मातीपासून निघते. केवड्यासाठी ओडिशातल्या गंजाम जिल्ह्याचे नाव घेतले जाते. चंदनाचे तेल महागल्यापासून अनेक ठिकाणी त्याच्या जागी पातळ खनिज तेल किंवा तत्सम द्रव आधाराला वापरतात. किमतीतला मोठा फरक इथेच पडतो.

हिंगोलीचा सुगंधाचा जुना संबंध हैदराबादशी. निजामाच्या राज्यात हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. आजही मराठवाड्यातले लोक हैदराबादला गेले की चारमिनारच्या परिसरातून बांगड्या आणि अत्तर आणतात.

तीनदा हुंगावे, मग पैसे काढावेत

अत्तर घेताना घाई करू नये. दुकानात एकामागून एक सहा कुप्या हुंगल्या की नाक गोंधळते. मग सातवी कोणतीही छानच वाटते. दोन-तीनच निवडाव्यात. एक डाव्या मनगटाला, दुसरी उजव्याला लावावी आणि बाकीची खरेदी करून यावे. पहिला वास लावताक्षणी येतो, तो लवकर उडतो. खरा वास अर्ध्या तासाने कळतो. संध्याकाळी जो उरतो तो कुपीचा खरा स्वभाव. या तिन्ही वेळी जी आवडली, ती आपली. शिवाय मनगटावर खाज किंवा लाली आली तर तेही घरी जाण्याआधीच समजते.

हवामानही पाहावे. इस्लामी वर्ष चांद्र असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सर्व ऋतू फिरून येतो. त्यामुळे ईदचे अत्तरही ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत खस, गुलाब, मोगरा, केवडा हे थंड समजले जाणारे वास बरे. हिना, शमामा, ऊद हे जड, उबदार वास थंडीत शोभतात. भर उन्हात ईदगाहच्या दाटीत जड अत्तर जास्त लावले तर शेजारच्या माणसाचे डोके दुखते. एक थेंब पुरतो. दोन थेंब म्हणजे हौस.

फवारा मारायच्या बाटल्या घेणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. बाटलीत सुगंधी द्रव्य किती टक्के, यावर ती किती वेळ टिकणार हे ठरते. बॉडी स्प्रेमध्ये ते अगदी थोडे असते, 'ओ द त्वालेत' लिहिलेल्या बाटलीत त्याहून अधिक आणि 'ओ द पार्फ्यूम'मध्ये आणखी जास्त, साधारण पंधरा ते वीस टक्के. दोनशेचा स्प्रे दिवसातून चारदा मारावा लागत असेल, तर तेवढ्याच पैशांचे तेलाचे अत्तर बहुधा जास्त दिवस पुरते. अनेक जण ईदसाठी अल्कोहोल नसलेले अत्तर पसंत करतात, त्यांच्यासाठी तर निवड सरळच आहे.

रोजात सुगंध लावावा का, हाही प्रश्न असतो. अत्तर लावल्याने किंवा सुरमा घातल्याने रोजा तुटत नाही, असे हनफी उलेमा सांगतात. लोबान-उदबत्तीचा धूर मुद्दाम आत ओढणे मात्र टाळायला सांगतात.

सुरम्याबाबत सावध

ईदच्या साजात सुरम्याचे स्थान जुने आहे. 'इस्मिद' सुरम्याची शिफारस हदीसमध्ये येते आणि त्या नावाच्या पुड्या रमजानमध्ये हमखास विकल्या जातात. मूळ इस्मिद म्हणजे अँटिमनीचा दगड असे मानतात. बाजारातला चमकदार काळा सुरमा मात्र अनेकदा 'गॅलिना' या दगडाची पूड असतो, आणि गॅलिना म्हणजे शिसे व गंधक यांचे संयुग.

शिसे शरीरात थोडे गेले तरी वाईटच. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते अपाय करते आणि त्याची कोणतीही सुरक्षित मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मूल डोळे चोळते, तेच बोट तोंडात घालते आणि शिसे पोटात जाते. सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे वापरायला भारतीय नियमांतही बंदी आहे. पण सुट्या पुडीवर ना बनवणाऱ्याचे नाव असते ना घटकांची यादी. मग विचारणार कोणाला?

म्हणून सुरमा घ्यायचाच तर नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि घटक छापलेला, बंद डबीतला घ्यावा. एकाची सळई दुसऱ्याच्या डोळ्यात जाऊ देऊ नये. डोळे येण्याची साथ अशीच पसरते. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत सुरमा किंवा काजळ, घरी पाडलेले असले तरी, घालू नये, असेच बालरोगतज्ज्ञ सांगतात. हा सल्ला हिंदू-मुस्लिम दोन्ही घरांतल्या आज्यांना पटायला वेळ लागतो. तीट गालाला लावावी, कपाळाला लावावी. डोळा मोकळा सोडावा.

मेंदी: रंगाची घाई नको

चाँदरातीला सगळ्यांत जास्त खप मेंदीच्या कोनाचा. नेलपॉलिश लावली तर वजूचे पाणी नखापर्यंत पोहोचत नाही, म्हणून नमाजी मुली ती टाळतात. मेंदीचा थर नसतो, फक्त रंग असतो, त्यामुळे तिची अडचण होत नाही.

खऱ्या मेंदीचा रंग तिच्या पानातल्या द्रव्यातून येतो आणि त्याला वेळ लागतो. चार-सहा तास ठेवावी लागते, खरवडल्यावर आधी नारिंगी दिसते आणि एक-दोन दिवसांत गडद होते. 'दहा मिनिटांत काळीभोर' असे सांगणाऱ्या कोनात मेंदीपेक्षा रसायन जास्त असण्याची शक्यता असते. काळ्या मेंदीत केसांच्या डायमधले 'पीपीडी' हे द्रव्य मिसळले जाते. त्याने कोणाला नक्षीच्याच आकाराचे फोड येतात, कोणाला डाग राहतात आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे केसांचा डायही सोसत नाही.

राजस्थानातल्या सोजतच्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. चांगल्या पानाची शंभर ग्रॅम वस्त्रगाळ पूड आणली, चहाच्या किंवा लिंबाच्या पाण्यात साखर घालून रात्रभर भिजवली, निलगिरीच्या तेलाचे काही थेंब टाकले, तर घरी दहा-बारा कोन सहज होतात. म्हणजे घरातल्या मुलींचे हात रंगून शेजारच्या वाड्यातल्या मैत्रिणींनाही पुरतील. फक्त हे काम चाँदरातीच्या आदल्या दिवशी करायला हवे, कारण चंद्र दिसल्यावर भिजत घातलेली मेंदी ईदच्या नमाजेपर्यंत रंगत नाही.

गोरेपणाची किंमत

आता त्या रंगीत ट्यूबांकडे वळू. गावाच्या नावात 'गोरे' आहे म्हणून गावाने गोरे दिसलेच पाहिजे असे काही नाही, पण ईदच्या आधी सर्वांत जास्त पैसे मागणारी आणि सर्वांत जास्त अपाय करू शकणारी वस्तू कोणती, तर गोरे करणारे क्रीम.

भारतात 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये आले आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलींना उजळपणाचा ध्यास लावून गेले. २०२० मध्ये कंपनीने नावातला 'फेअर' शब्द काढला. शब्द गेला, तरी ध्यास गेला नाही. लग्न जमवताना 'मुलगी उजळ आहे ना?' हा प्रश्न दोन्ही समाजांत तितकाच विचारला जातो. त्या प्रश्नाच्या भीतीने मुली बिनानावाच्या डब्या घेतात. या डब्यांत मुख्यतः दोन धोके असतात.

पहिला पाऱ्याचा. हा धोका किती जवळ आहे, हे अकोल्याने दाखवून दिले. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली. घरातल्या एका तरुणीने ब्युटीशियनकडून गोरेपणाचे क्रीम घेतले. चेहरा खरोखर उजळला, म्हणून आई आणि बहीणही तेच लावू लागल्या. काही महिन्यांतच तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाल्याचे आढळले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा कारण निघाले ते क्रीममधला पारा. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातही अशाच क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण सापडले.

अकोला इथून दूर नाही. पूर्णा-अकोला रेल्वेवरच हिंगोली आहे. अकोल्यात विकली गेलेली डबी हिंगोलीच्या, सेनगावच्या किंवा गोरेगावच्या बाजारात यायला वेळ लागत नाही.

पारा रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा लवकर उजळतो. पण तो कातडीतून आत शिरतो आणि मूत्रपिंडात साचतो. पाय किंवा चेहरा सुजणे, लघवीला खूप फेस येणे, रक्तदाब वाढणे ही त्याची लक्षणे असू शकतात. आई क्रीम लावून बाळाला जवळ घेते, तेव्हा पारा बाळालाही लागतो. डबीवर 'कॅलोमेल', 'मर्क्युरिक' किंवा 'मर्क्युरस क्लोराइड' असे शब्द असतील, अथवा 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना असेल, तर ती डबी खाली ठेवावी. बहुतेकदा मात्र काहीच लिहिलेले नसते. तेही धोक्याचेच चिन्ह.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. खाज आणि गजकर्णासाठीची काही मलमे चेहऱ्याला लावली की चार दिवस तो तजेलदार दिसतो. मैत्रीण सांगते, मेडिकलवाला देतो आणि मुलगी लावते. महिन्या-दोन महिन्यांत कातडी पातळ होते, उन्हात आग होते, मुरमे आणि लव वाढते. मलम बंद केले की चेहरा लालबुंद होतो, म्हणून ती पुन्हा तेच लावते. हा फास सुटायला त्वचारोगतज्ज्ञाकडे जावेच लागते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही चिठ्ठी न मागता ती हातात पडतात.

दीडशे रुपयांच्या डबीने मूत्रपिंड गेले, तर हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय, मग नांदेड, मग मुंबई अशा फेऱ्यांत शेत विकावे लागते. डबी घेताना तिची खरी किंमत एवढी मोजावी.

रोजात चेहऱ्याला हवे तरी काय?

दिवसभर पाणी नाही, वर मराठवाड्याचे ऊन. त्यामुळे ओठ फुटतात आणि कातडी ओढल्यासारखी होते. यावर पहिला उपाय फुकटचा आहे: इफ्तार ते सहर या वेळात थोडे थोडे करून पुरेसे पाणी पिणे, कलिंगड-काकडी खाणे, तळलेले आवरते घेणे आणि झोप पुरवणे. रात्री ओठांना आणि टाचांना साधी पेट्रोलियम जेली लावली तरी पुरे.

उन्हात काम करणाऱ्यांनी एकाच गोष्टीवर पैसे घालायचे ठरवले, तर ते किमान ३० एसपीएफच्या सनस्क्रीनवर घालावेत. उन्हाने होणारे काळवंडणे रोखणारी वस्तू तीच. तेही जमत नसेल तर ओढणी, रुमाल आणि टोपी आहेतच.

उटण्याला तर हा जिल्हा माहेर. वसमतची हळद राज्यात नावाजलेली आहे. बाजारातल्या पिवळ्याधमक पुडीत रंगाची भेसळ असू शकते. स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतातली, डोळ्यांसमोर दळलेली हळद त्याहून कितीतरी विश्वासाची. चिमूटभर हळद, बेसन आणि साय किंवा दही यांचे उटणे दिवाळीला चालते, तसे ईदलाही चालते. मुलतानी माती तेलकट चेहऱ्याला बरी, पण ती कोरडेपणा आणते, म्हणून आठवड्यातून एकदाच. लिंबू किंवा टूथपेस्ट चेहऱ्याला चोळण्याचे 'घरगुती उपाय' मात्र टाळावेत. त्यांनी आग होऊन डाग पडू शकतात.

कोणतीही नवी वस्तू चाँदरातीला पहिल्यांदा चेहऱ्याला लावू नये. कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. ईदच्या सकाळी सुजलेला चेहरा घेऊन पाहुण्यांपुढे जाण्यापेक्षा हे बरे.

पिशवी कशी भरावी?

समजा, चार माणसांच्या घरात साजासाठी शंभर-दीडशे रुपयेच आहेत. तेवढ्यात ईद होते. मेंदीची पूड, घरच्या हळदीचे उटणे, पेट्रोलियम जेलीची छोटी डबी आणि अत्तराची सर्वांत लहान कुपी. एक कुपी घरातल्या सगळ्यांच्या मनगटांना पुरते. शॅम्पूची पुडी घ्यायला लाजू नये. मिलिलिटरमागे भाव काढला तर अनेकदा ती बाटलीपेक्षा स्वस्त पडते.

पाचशेच्या आसपास जमत असतील, तर त्यात एक नामांकित कंपनीचे छोटे सनस्क्रीन, बंद पाकिटातले काजळ, एकच लिपस्टिक आणि थोडे बरे अत्तर बसवता येते. तीन हलक्या लिपस्टिकपेक्षा एक चांगली घ्यावी. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगाला विटकरी, मरून, गडद गुलाबी या छटा खुलतात. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून दिवसाच्या उजेडात पाहावी. दुकानातला दिवा सगळ्यांनाच गोरे करतो. दुकानात सगळ्यांनी लावून पाहिलेली नमुन्याची लिपस्टिक मात्र ओठांना लावू नये.

दोन हजार किंवा त्याहून अधिक खर्च करता येत असेल, तर पैसे सुगंधात घालावेत, कारण किमतीप्रमाणे दर्जा खरोखर वाढतो तो तिथेच. खस किंवा मिट्टीसारखे देग-भपक्याचे अत्तर खात्रीच्या दुकानातून, पावतीसह घ्यावे. काचेची घट्ट बुचाची कुपी अंधारात ठेवली तर वर्षानुवर्षे टिकते. महागड्या क्रीमच्या बाबतीत तसे नसते. तिथे पुष्कळदा डबीचे, जाहिरातीचे आणि नावाचे पैसे द्यावे लागतात.

बजेट कोणतेही असो, पाच गोष्टी पाहाव्यात: बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची शेवटची तारीख आणि घटकांची यादी. मोठ्या ब्रँडच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे झालेले दिसले तर समजावे, माल नकली. पावती मागण्यात अपमान कुणाचाच नाही. फसवणूक झालीच तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. क्रीममुळे त्रास झाल्यास डॉक्टरांकडे जाताना ती डबी सोबत न्यावी, फेकू नये.

पहिला वाटा कोणाचा?

ईदच्या हिशेबात साजाच्या आधी एक रक्कम बाजूला निघते, ती फितऱ्याची. ऐपत असलेल्या प्रत्येकाने घरातल्या माणशी ठरलेल्या मापाचे धान्य किंवा त्याची किंमत ईदच्या नमाजेआधी गरजूंपर्यंत पोहोचवायची असते. हेतू हा की त्या दिवशी गावातले कोणतेही घर हात पसरायला बाहेर पडू नये. धर्माला साज मान्य आहे. 'इसराफ', म्हणजे उधळपट्टी मान्य नाही. कर्ज काढून केलेला साज तर नाहीच.

फितऱ्याबरोबर एखादी अत्तराची कुपी आणि दोन मेंदीचे कोनही पोहोचले, तर फार काही जात नाही. ज्या घरात यंदा हळदीचा भाव पडला, किंवा ज्या घरचा कर्ता गेला, त्या घरातल्या मुलीचेही हात मग चाँदरातीला रंगतात. दुसऱ्या दिवशी शिरखुर्मा खायला आलेल्या शेजारच्या काकूंना ती ते कौतुकाने दाखवते, आणि काकूही निघताना स्वतःच्या मनगटावर थोडे अत्तर लावून घेतात. ते किती रुपयांचे, हे त्या विचारत नाहीत.